न वाजणारं टिचबटण

नमुना पाठवायचा असला की माझ्या अंगात येतं, असं आमचे शेठ म्हणतात. म्हणोत. भिवंडीतल्या आमच्या गाळ्यात टिचबटणं बनतात आणि गिऱ्हाइकाकडे जाणारा प्रत्येक नमुना माझ्या हातून जातो. गिऱ्हाइकानेच पाठवलेल्या कापडाची दुहेरी घडी करून त्यावर बटणं ठोकायची. प्रत्येक बटण ओढून बघायचं. मागचे दात बोटाला टोचत नाहीत ना, निकलचा रंग सगळीकडे सारखा आहे ना, हे पाहायचं. मग कापड पुठ्ठ्यावर लावून, सुट्या बटणांची पिशवी जोडून खोका बांधायचा. या सगळ्याची माझ्याकडे यादी असते आणि शेवटच्या ओळीवर खूण झाल्याशिवाय मी चिकटपट्टीला हात लावत नाही.

गेल्या पावसाळ्यात बाळांचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्याने नमुना मागवला. तेव्हा आमच्याकडे काम इतकं आटलं होतं की एकच प्रेस चालत होता. समोरच्या रांगेतले गाळे एकेक करून गोदामं झाले होते आणि आमच्या गाळ्यासाठीही एक दलाल दोनदा येऊन गेला होता. शेठनी आम्हा पाच-सहा बायकांना आणि प्रेस चालवणाऱ्या चाचांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "ही ऑर्डर आली तर चालवू. नाही आली तर दिवाळीनंतर गाळा गोदामाला देतो. मला दोष देऊ नका." कुणी दिला नाही. चाचांनी तेवढं विचारलं, "नमुना कब भेजना है?"

नमुना गेला. चार दिवसांनी, गुरुवारी, तिथल्या खरेदी बघणाऱ्या मॅडमचा फोन आला. मी रस्त्यावर जाऊन घेतला.

"बटण घट्ट आहे. ओढून सुटत नाही," त्या म्हणाल्या. "पण लागलं की नाही ते कळत नाही. आवाजच नाही त्याला."

"आवाज?"

"बाळाचे कपडे बदलताना आई बटणाकडे बघते का हो? टिच झालं की तिला कळतं, लागलं. तुमचं आपलं गुपचूप बसतं."

पुढच्या शनिवारच्या आत दुसरा नमुना निघाला तर बघू, असं त्या म्हणाल्या. मी आत आले, एक बटण कानाशी धरून लावलं. ऐकू आले ते शेजारचे लूम.

आमची आणि पॉवरलूमवाल्याची भिंत एकच. त्याच्या शिफ्टा संपतात तेव्हा आम्ही घरी असतो. खटखट इतकी कायमची की नवीन बाई पहिले आठ दिवस डोकं धरून बसते आणि नंतर विसरते. बटण लागलं हे आम्हाला बोटांना कळतं. टिचबटण, टिचबटण म्हणून दिवसभर ज्याचं नाव घेतो त्यातलं टिच आमच्यापैकी कुणी कामावर ऐकलेलंच नव्हतं. माझ्या यादीत ते नव्हतंच.

शुक्रवारी दुपारी नमाजासाठी शेजारचे लूम थांबतात. ती आमची जेवणाची वेळ. डबे घेऊन आम्ही बाहेर सावलीत बसतो. त्या शुक्रवारी मी सगळ्यांना आतच थांबवलं. लूम थांबले आणि गाळा एकदम मोठा वाटायला लागला.

दिघाशी गावाहून येणारी आमच्यातली वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी रागावल्या काय?"

"नाही. का?"

"मंग वरडता कशाला? मी हितंच हाय."

मी रोजच्यासारखीच बोलत होते. मुलगी घरी म्हणते, आई, तू साधं मीठ मागतेस तरी भांडतेस असं वाटतं. तिचं मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

वहिनीने बटण लावलं. काही नाही. दुसरं लावलं. त्यातूनही काही नाही. बटणाच्या दोन भागांना आमच्यात नर आणि मादी म्हणतात. ती म्हणाली, "नर जातो आत, पन त्वांडातून सबुद काढत न्हाय. आमच्या घरी बी असंच हाय."

सगळ्या हसल्या, आणि ते हसूही वेगळंच ऐकू आलं. गाळ्यात एकमेकींचं हसणं आम्ही आजवर नुसतं बघत होतो.

तेवढ्यात चाचा नमाजाहून परतले. त्यांनी टोपी खिशात घातली, बटण कानाजवळ नेलं, मादीच्या खळग्यातली बारीक तार नखाने दाबून पाहिली.

"तार नरम आहे. वरून निकल मोटा. दाबून बसतं, पण उडी नाही मारत."

"इतके दिवस कळलं नाही?" मी विचारलं.

"ताई, मशीनपाशी बसून माझा अर्धा कान गेला. तुमचा तर चांगला आहे ना?"

मी लगेच कामाची वाटणी केली. शेठनी कडक तार आणली, निकलचा थर पातळ करून घेतला, चाचांनी प्रेसचा दाब नव्याने बसवला. मी यादीत एक ओळ वाढवली. पुढच्या शुक्रवारी लूम थांबताच आम्ही टेबलाभोवती बसलो. वहिनी एकेक बटण लावत गेली. वाजलेलं या बाजूला, न वाजलेलं त्या बाजूला. कुणी खोकलं तर ते बटण परत. लूम सुरू व्हायच्या आत मी कापडाचा पुठ्ठा तयार केला आणि खोका स्वतः कुरिअरला देऊन आले.

नंतरचे दिवस वाईट गेले. दलाल गाळ्याचं माप घेऊन गेला. माप घेताना त्याने वहिनीला स्टूल जरा सरकवायला सांगितलं. तिने सरकवलं.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी प्रेसजवळ होते. बाहेर जायलाही सुचलं नाही, तिथेच एका कानावर हात ठेवून उभी राहिले. त्या काहीतरी म्हणाल्या, मग थांबल्या, मग पुन्हा म्हणाल्या, "ऐकलंत?" फोनजवळ बटण लावून दाखवत असणार. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

"ऐकलं," मी म्हणाले.

"मग पाठवते ऑर्डर."

वहिनीने लांबून हाताने विचारलं, काय झालं. "लागलं!" मी ओरडले. ती हसली, तोंड उघडं ठेवून, आमच्या नेहमीच्या पद्धतीने.

शेठ काचेच्या केबिनमध्ये दलालाशी फोनवर बोलत होते; मी काचेतून ऑर्डर आल्याची खूण केली. शब्द कळणं शक्य नव्हतं, पण इतकी वर्षं लूमशेजारी काढल्यावर माणसाचे ओठ वाचता येतात. "अभी नहीं," ते म्हणाले. आणि मग, आमच्याकडे पाठ फिरवण्याआधी, "अगले साल देखेंगे."