अन्नशुद्धीचं तूप

हे मी आजवर कुणालाही बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही धड कळत नाही. तुम्ही घरातले नाही, म्हणून असेल. ऐकून मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा.

मी जाड होते. अंगानं भरलेली वगैरे म्हणतात तशी नाही, चांगली जाड. शेंद्र्याच्या कंपनीत माझ्यासाठी बिनहाताची खुर्ची मागवलेली होती. शेवटी गुडघे आणि शुगर दोन्ही हाताबाहेर गेले, तेव्हा पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. दुष्काळाची वर्षं. बीड बायपासच्या पलीकडं आमच्यासारख्यांच्या नव्या बिल्डिंगी भराभर उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की सगळे बादल्या घेऊन खाली.

तशातही माझ्यासाठी रोज डाळीचं पाणी फडक्यातून गाळून देणाऱ्या आत्याबाई होत्या. माझ्या सासूबाई — आम्ही आत्याबाईच म्हणतो. माहेर पिशोरचं, भिक्षुकाचं घर. सत्तरी ओलांडली होती, पण स्वयंपाकघर त्यांचंच. टँकर चुकला तर स्वतःची अंघोळ टाळायच्या, माझी भांडी मात्र दोन पाण्यांनी धुवायच्या. आणि वाटी पुढं ठेवताना तुपाचा एक थेंब वरून सोडायच्या. अन्नशुद्धी. त्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुणाला पान वाढलं नव्हतं.

पहिले काही महिने वजन असं उतरलं की शेजारणी नुसत्या बघायला यायच्या. ते कौतुक मला फार गोड लागलं — खोटं कशाला बोलू? आणि मग एक दिवस काटा थांबला. आठवडे गेले, हलायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतंच, शरीर नव्या खाण्याला सरावतं; चालत राहा, प्रथिनं घ्या, धीर धरा. धीर माझ्याकडं कधी होता? शेजारणी विचारत होत्या, आता किती? नवरा सकाळी काट्याशेजारी उभा. न खाऊनही उतरत नाही, तर मग उपाशी राहायचं तरी कशाला — असं माझ्या डोक्यानं घेतलं.

आणि मी खायला लागले. खायला म्हणजे — पोटात वाटीभरच मावायचं, म्हणून प्यायला लागले. शेंद्र्याहून येताना जालना रोडला गाडी बाजूला घ्यायची, आइस्क्रीमचा डबा उन्हात वितळू द्यायचा आणि घोट घोट पीत बसायचं. ऑपरेशननंतर एवढं गोड सोसत नाही, घाम फुटायचा, छातीत धडधडायचं, तरी प्यायचे. डबा वाटेतच फेकून, तोंड धुऊन घरी. घरात पाण्याचे वांधे, आणि माझ्या गाडीत तोंड धुवायला बाटली भरलेली असायची, बघा.

काटा उलटा वर सरकला. थोडासाच. पण दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या बाईंनी नवऱ्यादेखत विचारलं, नक्की काय काय खाता? मी मान खाली घातली आणि म्हणाले, "मी नको नको म्हणते, पण आत्याबाई सगळ्यावर तूप ओततात."

ओततात. कुठून आला तो शब्द? मला माहीत नाही. पण बोलल्यावर मी तो परत घेतला नाही, एवढं माहीत आहे.

घरी येऊन नवरा आईवर कधी नव्हे तेवढा ओरडला. "तुला तिला मारायचंय का आई?" आत्याबाई म्हणाल्या, "थेंबच रे सोडते, अन्नशुद्धीपुरता." त्यानं तुपाचं भांडं उचललं आणि समोरच्यांच्या घरी देऊन आला. मी आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी पंखा मोठा केला.

पण घाबरले होते. आइस्क्रीम त्या दिवसापासून बंद केलं. आणि काही दिवसांनी काटा पुन्हा उतरायला लागला. झालं — सगळ्यांना पुरावाच मिळाला. नवरा आईला म्हणाला, बघ, तूप थांबलं आणि वजन उतरलं. आत्याबाईंनी ते मानलं. मीही मान डोलावली.

आत्याबाईंनी स्वयंपाकघर सोडलं. कुणी जा म्हणालं नाही, त्यांनीच सोडलं. स्वयंपाकाला बाई ठेवली. त्या गॅलरीत बसून असायच्या, स्वतःही कोरडाच भात खायच्या. पाहुणे आले तरी वाढायला उठायच्या नाहीत. शेजारणीशी बोलताना एकदा माझ्या कानावर आलं — "लई जीव लावून करत होते मी. पण माझा हातच चांगला नाय." त्या शेजारणीनं मला नंतर सांगितलं, तुझी कमाल आहे, एवढं होऊनही सासूला नीट सांभाळतेस. मी हसले. नाही म्हणाले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या. दवाखान्यात एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "चुकलं गं माझं. मनात ठेवू नको."

खोलीत आम्ही दोघीच. नवरा औषधं आणायला खाली गेलेला. कुणी ऐकणारं नव्हतं, माझं काही बिघडणार नव्हतं.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या आत्याबाई. मी तुम्हाला कधीच माफ केलंय."

त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी मला हात जोडले.