उन्हाची वाटणी

कॉलेजात सध्या आम्हाला वीजव्यवस्थेच्या नियोजनाचा विषय आहे. ऊन आणि वारा यांच्यापासून मिळणारी वीज सतत कमीजास्त होते. आपल्यासारख्या देशांनी तिचा मेळ कसा घालायचा, हे त्यात शिकवतात. सर फळ्यावर दिवसभराच्या उन्हाचा आलेख काढतात. सकाळी चढ, दुपारी माथा, मग उतार. तो पाहिला की मला आमची विहीर आठवते. वर्गात हे बोलायचा धीर अजून झालेला नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आमचं गाव कागलच्या अलीकडे. आमचं आणि आण्णांचं रान बांधाला बांध लागून, विहीर सामाईक. आण्णा जैन, आबांपेक्षा, म्हणजे माझ्या वडिलांपेक्षा, थोरले. पूर्वी शेतीची लाईट बहुतेक रात्रीचीच असायची. निम्मी रात्र पाणी त्यांच्या उसाला, निम्मी आमच्या. मोटारीच्या खोलीत एक घड्याळ टांगलेलं होतं. काटा ठरल्या जागी आला की पाणी फिरवायचं. आबा निघाले की त्यांच्या बॅटरीचा उजेड आमच्या खिडकीवरून सरकत जायचा, आणि मी अंथरुणातून तो पाहत राहायचे. आबा तिथंच भाकरी खायचे. आण्णा नुसते शेजारी बसून गप्पा मारायचे, कारण दिवस मावळल्यावर ते पाणीसुद्धा पीत नसत. इतकी वर्षं एका विहिरीवर काढून दोघं कधी एकत्र जेवले नव्हते.

मग सौर पंप आला. आईनं प्लेटांना हळदकुंकू लावलं. आता दिवसा पाणी! वाटणी मात्र जुनीच राहिली, घड्याळाची. दुपारपर्यंत आण्णांची पाळी, नंतर आमची. आण्णांना दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचायचं असे, आणि आबांची सकाळ म्हशी, डेअरी, वैरण यांतच जायची. थंडी सरेपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती.

उन्हाळ्यात वळवाचे दिवस आले. सकाळी लख्ख ऊन, आणि दुपार कलली की ढग. आण्णांच्या पाळीत पाइप भरून पाणी यायचं, आमच्या पाळीत करंगळीएवढी धार. ढग बरसायचे तर नाहीतच, नुसतेच वर थांबायचे. आमचा ऊस पिवळा पडू लागला. बांधापलीकडचा हिरवागार होता.

मी सुट्टीला आले होते. एका दुपारी चहा घेऊन रानात गेले, तर आण्णा पाणी फिरवून घरी निघाले होते.

“निघालासा, पावणं?” आबा म्हणाले. वाटेवरच्या परक्या माणसाला म्हणावं तसं.

आण्णा थबकले. “पावणा व्हय मी? कवापास्नं?”

“सगळं पाणी तुमच्या रानात जातंय तवापास्नं.”

“मग मी काय ढग दोरीनं ओढून आणतोय? घड्याळ बघा की. एक मिनिट जास्त घेतलं न्हाय.”

“घड्याळ बरोबर हाय वो. माझा ऊस वाळतोय, त्येचं काय? मी वेगळी बोअर मारतो. ही विहीर तुमची तुम्हालाच लखलाभ.”

आण्णांचा चेहरा एकदम उतरला. माझ्या हातातली किटली जड वाटू लागली. मोठ्यांच्या मध्ये बोलायची मला सवय नव्हती.

“आबा,” मी म्हणाले, “रातच्या लाईटीत धार सारखी असायची, म्हणून घड्याळ चालत होतं. उन्हात तसं न्हाय. तास सारखं असलं तरी पाणी सारखं न्हाय. मग तास कशाला वाटायचं? उसाच्या ओळींमधल्या सऱ्या वाटू. सकाळपास्नं थोड्या सऱ्या आण्णांच्या, मग तेवढ्याच आपल्या, परत त्यांच्या. ढग आला तर दोघांचंबी थांबंल.”

“कॉलेजात ह्ये शिकिवत्यात व्हय?” आबांनी विचारलं.

“असंच कायतरी.” खरं तर तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं.

आण्णा खाली वाकून सरीकडं बघत राहिले. “पोरगी बरोबर बोलतीया. पण मग दोघांनीबी दिसभर हितंच बसाय पायजे.”

आबांनी माझ्या हातातली किटली घेतली. मग म्हणाले, “बसा की. रातभर बसत हुतासाच.”

सकाळची डेअरी आईनं स्वतःकडं घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीच्या सावलीत दोघांनी डबे सोडले. आबांनी आमच्या डब्यातला मिरचीचा खर्डा आण्णांच्या भाकरीवर घातला, तसा आण्णांनी हात आखडता घेतला.

“खावा. लसूण न्हाय त्यात. घरात सांगून आलोय.”

आण्णांनी घास घेतला आणि त्यांना जोराचा ठसका लागला. “लसणाची भरपाई मिरचीनं केलीसा व्हय!” डोळे पुसत ते म्हणाले, “पाणी द्या की, पावणं.”

आबा हसत तांब्या भरू लागले. तेवढ्यात पाइपाची धार बारीक झाली. वर ढग आला होता. दोघांनी एकदा तिकडं बघितलं, पण उठलं कुणीच नाही.