दोघांची कंबर, एकट्याला पट्टा

मंडळी, आज कंबरदुखीसाठी साताऱ्यात फिजिओथेरपीला गेलो होतो. बायको फाईल धरायला सोबत.

मॅडम म्हणाल्या, "पाठ सरळ ठेवून वाका." फौजेत आयुष्यभर कवायत केली, तरी माझ्या पाठीची कमान झाली. बायको हसली, म्हणून मॅडमनी तिलाही वाकायला लावलं. तिला झकास जमलं. पण मॅडमनी तिला पालथं झोपवून गुडघा वाकवला, तशी ती कंबर धरून कळवळली.

"कवापासनं दुखतंय गं?" मी विचारलं.

"लय वर्षं झाली. सांगितलं तवा तुमीच म्हणाला, बायकांचं असतंयच."

मॅडमसमोर मान वर करवेना. मला पट्टा लागल्यापासून वैरणीचा भारा तीच उचलते.

घरी आल्यावर भारा आणायला मी निघालो, तर म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या. तुमची कंबर दुखतीया."

मंडळी, भारा आज मीच आणला.