नऊ वाजेपर्यंत फोन नाही

आज सकाळी साडेसातला सरांची अक्षरं आली. वेळेवर आली, मोजून सात होती, तरी माझा चहाचा कप हातात तसाच राहिला. टी, आर, के, एस, एन, पी, एल. ए नाही, ई नाही, आय, ओ, यू काहीच नाही. एकही स्वर नाही. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाने पाठवलेली अक्षरं ही, आणि यातून शब्द करायचा कुठून?

आमचा ग्रुप चौघांचा. सर निवृत्त झाल्यापासून सावर्ड्याला घरी एकटेच असतात. बापूकाका त्यांचे शेजारी. वंदनाताई आणि मी रत्नागिरीत. रोज सकाळी सर सात अक्षरं देणार आणि आम्ही नऊपर्यंत त्यांतून जमतील तितके इंग्रजी शब्द शोधणार. तोवर ग्रुपवर फक्त आकडा टाकायचा, शब्द दाखवायचे ते नऊनंतर. इतका साधा खेळ. पण दोन वर्षांत शब्द राहिले बाजूला, किस्सेच जास्त साठलेत.

*

एकदा नऊला पाच कमी असताना वंदनाताईंच्या दारात कोळीण आली. ताईंच्या ओठांवर एक शब्द येता येता अडकलेला. त्यांनी नुसतं बोट वर करून तिला थांबायला सांगितलं. नऊ वाजता ताई बाहेर येऊन बघतात तर शेवटची सुरमई समोरच्या बिऱ्हाडात गेलेली.

"अगं, थांब म्हटलं होतं ना मी?"

"मी थांबले वो बाय," ती म्हणाली, "गिऱ्हाईक नाय थांबला."

त्या दिवशी ताई पहिल्या आल्या आणि त्यांच्या घरी वरणभात झाला.

*

बापूकाकांचं प्रकरण याहून वरचं. आठ-दहाच्या पुढे कधी न गेलेल्या माणसाने एका सकाळी एकदम चौतीस आकडा टाकला. नऊनंतर यादी आली. सरांनी त्यातला एकच शब्द उचलला आणि विचारलं, "बापू, अर्थ?"

काका बराच वेळ टाइप करत होते. मग उत्तर आलं, "पुतण्या जेवायला सुटला की विचारून सांगतो."

पुतण्या मुंबईला नोकरीला. कुठल्याशा वेबसाइटवर अक्षरं टाकली की सगळे शब्द बाहेर पडतात म्हणे. तो ते फोनवर वाचून दाखवायचा आणि काका पडवीत बसून उतरून घ्यायचे. मला इतका राग आला की मीच नियम करून टाकला: साडेसात ते नऊ कुणी कुणाला फोन करायचा नाही, आणि आला तर घ्यायचा नाही.

"बरां गो बाय," काकांनी लिहिलं. "आता घराला आग लागली तरी नऊनंतर कळवतो."

*

उन्हाळ्यात सरांना पायरीवर चक्कर आली. बापूकाका होते म्हणून वेळेत डॉक्टरकडे नेलं. मी म्हटलं, सर, मी रोज सकाळी एक फोन करत जाईन. सर म्हणाले, "फोन कशाला? अक्षरं आली की समजायचं, म्हातारा ठीक आहे."

त्यांना बोलायला काय जातं! तेव्हापासून मी सव्वासातपासूनच फोन हातात धरून बसते.

पुढच्याच आठवड्यात अक्षरांना वीस मिनिटं उशीर झाला. मी बापूकाकांना फोन केला. अक्षरंच आली नव्हती, म्हणजे खेळ सुरू नव्हता, म्हणून त्यांनी घेतला. मी रडकुंडीला आलेली. बिचारे दोन घरांमधला दगडी गडगा चढून सरांच्या आवारात उतरले. चिऱ्याला अडकून लुंगी गुडघ्यापासून खालपर्यंत फाटली. आणि सर कुठे? नाक्यावर न्हाव्याकडे, गालाला साबण लावून.

काकांनी फाटक्या लुंगीचा फोटो ग्रुपवर टाकला. माझ्या काळजीची त्या दिवसापासून किंमत शून्य.

*

तर आज. सरांना फोन लावला, नुसती रिंग जात राहिली. पुन्हा लावला, तेच. स्वर विसरणं म्हणजे डोक्यावर काही परिणाम झाला की काय, म्हणून बापूकाकांना लावला. ते सरांच्या घरापासून पन्नास पावलांवर. त्यांनी फोन कट केला. वंदनाताईंनी कट करून वर मेसेज टाकला, "नियम कुणी केला होता?"

शेवटी ग्रुपवर लिहिलं, "आजच्या अक्षरांत काहीतरी गडबड आहे. काका, प्लीज सरांकडे जाऊन या."

वंदनाताई: "हिंट देऊ नये."

बापूकाका: "लुंगी नवीन आहे."

आणि खाली लगेच काकांचा आकडा: ६.

सहा? कशाचे सहा? मी अक्षरं परत वाचली. पावणेनऊला वंदनाताईंचे चार आले. मागोमाग काकांचे अकरा. क्षणभर वाटलं, सर ठणठणीत असतील, मलाच काहीतरी झालंय. मी अक्षरं आईला दाखवली. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? चहा घे आधी."

मी पर्स उचलली. स्टँडवर जायचं, मिळेल ती गाडी पकडून सावर्डे गाठायचं, मग सगळ्यांनी मिळून काय हसायचं ते हसा. एका पायात चप्पल घालता घालता काकांना चौदाव्यांदा फोन लावला. आणि तो उचलला गेला.

"हळू बोल," पलीकडे सर होते. "मी बापूच्या पडवीत बसलोय, माझा फोन घरी चार्जिंगला आहे. बापू डिक्शनरी आणायला आत गेलाय म्हणून उचलता तरी आला. अकरा झालेत म्हणे त्याचे, बारावा शोधतोय. स्वर मुद्दाम काढलेत, ते सांगू नकोस हं त्याला."