पाळ चढेल असा गेअरबॉक्स

आमची पिकअप म्हातारी झाली होती आणि वडिलांचा, म्हणजे बाबूजींचा, तिच्यावर राग होता. माझा राग बाबूजींवर, कारण त्याच गाडीवर मी ड्रायव्हिंग शिकले होते आणि अख्ख्या गावात गाडी चालवणारी पोरगी मी एकटीच. दोन हजार सहाच्या सुमारास, सौंदडजवळच्या आमच्या गावात त्याचा केवढा तोरा होता, ते आता सांगून पटायचं नाही.

झालं असं, की धानाची पोती राईस मिलला नेताना, तलावाची पाळ म्हणजे मातीचा उंच बांध चढताना दुसरा गेअर आपोआप उडाला. ब्रेक दाबेपर्यंत गाडी घसरत पायथ्याशी आली, आणि मागून पायी येणाऱ्या बाबूजींनी शेजारच्या बांधीत, धानाच्या खाचरातल्या चिखलात उडी मारली. खरचटलं कुणालाच नाही. पण घरी येऊन पाय धुता धुता त्यांनी जाहीर केलं, ‘‘सोमवारी कबाडीवाला येऊन राहिला. यापुढं भाड्याची गाडी सांगू. ड्रायव्हर बी तिचाच.’’

म्हणजे गाडी जाणारच, पण माझं स्टिअरिंगही जाणार. मी एक दिवस जेवणावर राग काढला. भूक लागल्यावर तो राग सोडला आणि गोंदियाजवळच्या कुडव्याच्या, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला गाठलं.

मिस्त्रीनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. ‘‘बेटी, माल भरते हो ट्रक का, और गेअरबॉक्स है खिलौने का! बड़ी गाड़ी का डाल देते हैं.’’ त्याच्याकडे एका मोडलेल्या छोट्या ट्रकचा गेअरबॉक्स पडून होता. बाबूजींकडून मी एवढंच कबूल करून घेतलं, की भरलेली गाडी एकदा पाळ चढली तर कबाडीवाल्याला परत धाडायचं. ते हो म्हणाले. गाडी चढणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

तो गेअरबॉक्स पोत्यात गुंडाळून आम्ही गोंदियाहून पॅसेंजरनं आणला. चढवायला चार जण लागले. डब्यात एक म्हातारी आली, ‘‘का आहे जी याच्यात?’’ म्हणाली आणि उत्तर न ऐकताच त्यावर बसली. सौंदडला उतरताना तिला उठवायचं म्हणजे गेअरबॉक्स उचलण्यापेक्षा अवघड काम झालं.

गावात गाडीखाली काम करायला खड्डा कुठला? शेतातल्या कोरड्या पाटाच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवून पिकअप उभी केली आणि मिस्त्री खाली पाटात उताणा झोपला. नवा गेअरबॉक्स लांबीनं जास्त, वजनानं दुप्पट. केबिनमधून आडवा बांबू घातला, बैलांच्या दोरानं गेअरबॉक्स त्याला बांधला आणि ‘हाँ, थोडा, थोडा’ करत वर ओढला. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला, वेल्डिंग मारलं. गेअरचा दांडा भलतीकडेच निघाला, म्हणून केबिनच्या पत्र्याला नवं भोक पाडलं. आता मधल्या माणसाला दांड्याच्या दोन्हीकडे पाय टाकून बसावं लागणार होतं. स्पीडचा काटा कायमचा झोपला. मला या सगळ्याची इतकी मजा वाटत होती, की ग्रीस केसांत गेलं तरी कळलं नाही.

रविवारी सकाळी तिथंच शेतात पूजा. आईनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, दांड्याच्या गोळ्याला हळदकुंकू लावलं आणि पुढच्या दोन चाकांपुढं दोन लिंबं ठेवली. नवीन गाडी लिंबू फोडूनच निघायची, हा आमचा नेम. आणि गेअरबॉक्स नवीन म्हणजे गाडी नवीन, हा आईचा हिशेब. मिस्त्रीनं मला दोनदा बजावलं होतं, की जुन्याचा पहिला जिथं, तिथं याचा रिव्हर्स आहे. पण अख्खी आळी बघायला जमलेली. हाताला जुनी सवय. मी दांडा डावीकडे, पुढं ढकलला आणि ऐटीत क्लच सोडला.

गाडी थेट मागं तनसाच्या, पेंढ्याच्या ढिगात घुसली.

लिंबं जिथल्या तिथं. शेजारची काकू पदराआड खिदळत म्हणाली, ‘‘लिंबाले भेली गा गाडी!’’ आईनं डोकं चालवलं. गाडी मागंच जाते असं समजून तिनं लिंबं उचलून मागच्या चाकांमागं ठेवली. मी आता नीट विचार करून पहिला टाकला आणि गाडी झोकात पुढं गेली. लिंबं पुन्हा वाचली. हसून हसून मिस्त्री पाटाच्या काठावर बसला. बाबूजी मात्र हसले नाहीत. ‘‘दोनदा लिंबू वाचला. ही गाडी नाई राहात,’’ म्हणाले. आईनं मग चार लिंबं घेतली, दोन पुढं, दोन मागं. ‘‘आता कुठं बी जा,’’ म्हणाली. फुटली एकदाची.

त्याच दुपारी पोती भरली. नेहमीइतकीच, एक पोतं कमी करायला मी साफ नकार दिला. बाबूजी गाडीत बसायला तयार नव्हते. ‘‘मी पायीच बरा,’’ म्हणाले आणि या खेपेला मागून न येता बाजूनं चालू लागले.

पाळीला लागल्यावर मी पहिला टाकला. इंजिन कण्हलं, गाडी थरथरली आणि चढू लागली. पण किती हळू! बाबूजी चालत माझ्या पुढं जायचे, थांबायचे, वळून बघायचे. घसरलेली जागा आली. मी दांडा हातानं दाबून धरला. त्या जागी बाबूजींनी खिडकीच्या काठाला हात लावला; एवढं वजन ते एका हातानं थोडंच धरणार होते? पण धरलं. गेअर उडाला नाही. गाडी एका चालीत वर आली, आणि मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. हसू आणि रडू दोन्ही एकदमच आलं.

बाबूजी गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले.

‘‘कबाडीवाल्याले नको म्हनतो,’’ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, तलावाकडे बघत, ‘‘मले शिकवशीन का?’’

मी सरकले आणि दांड्याच्या दोन्हीकडे पाय टाकून बसले. आयुष्यभर बैल हाकलेल्या माझ्या बापानं देवळात शिरताना काढतात तशी चप्पल खाली काढली, आणि स्टिअरिंगला हात लावून पाया पडून तो वर चढला. पाळीवरच्या सपाट वाटेनं आम्ही राईस मिलपर्यंत गेलो. कधी क्लच सुटायचा, कधी इंजिन बंद पडायचं, आणि दर वेळी ते माझ्यावरच ओरडायचे. चप्पल पाळीवरच राहिली, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं.