गल्लीभर नवऱ्यांची अक्का

ती घटना आठवली, की आजही मी एकटाच हसत सुटतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण गल्लीभर नवरे असलेली बाई पोलीस ठाण्यात एकदाच आली.

धारवाडजवळच्या एका खेड्यात तेव्हा पडद्यावरचा दवाखाना नुकताच सुरू झाला होता. डॉक्टर हुबळीत, कोप्पीकर रोडवर बसायचे. इकडे गावच्या केंद्रात नर्स पेशंटला कॅमेऱ्यापुढे बसवून रक्तदाब तपासायची आणि डॉक्टर तिकडून औषध सांगायचे. फी सरकारी विमा भरायचा. अट एकच: पेशंटनं कॅमेऱ्यापुढे स्वतःच्या तोंडानं आपलं नाव सांगायचं, आणि लग्न झालेली बाई असेल तर नवऱ्याचंही.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच विमा कचेरीतल्या अधिकाऱ्याचा फोन आला. "साहेब, एकच बाई रोज नव्या नावानं येते. दर वेळी नवरा वेगळा. बोगस पेशंट आहेत सगळे. तुम्ही चौकशी करा, आम्ही केंद्र बंद करतोय."

नर्स रडकुंडीला आली. गावातल्या मराठी गल्लीत दिवस भरत आलेली एक सून होती. तिचा रक्तदाब याच पडद्यावरून सांभाळला जात होता. केंद्र बंद पडलं असतं, तर तिला तसल्या अवस्थेत बसचे धक्के खात हुबळी गाठावी लागली असती.

रेकॉर्डिंग मागवून पाहिलं. दर वेळी तोच चेहरा, ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज. गावात तिला सगळे अक्का म्हणायचे. हवालदार म्हणाला, "सर, हिच्या घरात जेवायला पाट तरी किती मांडतात की!"

मी मात्र हात बघत होतो. माणूस चेहरा सांभाळतो, हात सांभाळायचं विसरतो. बोलणारी अक्काच होती. पण रक्तदाबाचा पट्टा बांधलेला हात पडद्याच्या कडेला दिसायचा, तो कधी हिरव्या चुड्याचा, कधी सुरकुतलेला, कधी गोंदलेला. म्हणजे पेशंट खरे होते.

अक्काला जबाबासाठी बोलावलं, तर तिच्या मागून गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. नर्सही आली.

"अक्का, दुसरीचं नाव सांगून बसणं गुन्हा आहे, ठाऊक आहे?"

"पेशंट शेजारीच बसलेली असते की साहेब! दुखणं तिचं, गोळी तिला. मी नुसती बोलते."

"का? तिला बोलता येत नाही?"

"तुम्हीच विचारून बघा की."

मी त्या सुनेला नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला. दुसरीला विचारलं, ती खुदकन हसली. तिसरी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या गल्लीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तेही परक्या पुरुषापुढे, कॅमेऱ्यात? छे!

"दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला मला कसली लाज?" अक्का म्हणाली.

"बरं. आता तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा." जबाब लिहिणाऱ्या रायटरनं पेन सरसावलं.

अक्कानं मान खाली घातली! गल्लीभर नवऱ्यांची नावं घडाघडा घेणारी बाई कानापर्यंत लाल झाली. ठाण्यात हशा पिकला. मीही पोट धरून हसलो, आणि हसता हसताच थबकलो. रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांची तपासणी होती, हिची नव्हती.

"अक्का, तुम्ही स्वतः कधी तपासून घेतलं?"

"अय्यो, माझ्यासाठी कोण बोलणार साहेब? या सगळ्या मुक्या!"

नर्सनं पिशवीतलं यंत्र काढून माझ्या टेबलापाशीच तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून ती घाबरली. "अक्का, अशा कशा हिंडत होता हो?" मग कुणी हसलं नाही.

मी विमा अधिकाऱ्याला केंद्रावर बोलावलं. तो नियमाला चिकटून होता. "पेशंटनं स्वतःच नाव सांगायला पाहिजे."

"सांगतील. पण कसं सांगायचं, ते नियमात आहे का?"

नव्हतं. याच बायका लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यात नाव घेतातच की! मी तेच सुचवलं. कॅमेरा सुरू झाला. नर्सनं सुनेला पुढे बोलावलं, तर ती ठाम उभी राहिली. "आधी अक्का."

अक्का खुर्चीत बसली. पदर सावरला. नाव मी गाळतो, बाकी शब्द तिचे:

"पडद्यात बसले डॉक्टर, दंडाला बांधला पट्टा,
…रावांचं नाव घेते, पुरे झाली थट्टा!"

पडद्यातल्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. विमा अधिकारीही हसला. मी अहवालात 'फसवणुकीचा हेतू दिसत नाही' असं लिहिलं आणि केंद्र वाचलं. सून पुढे सुखरूप बाळंत झाली. बारशालाही मला बोलावणं होतं.

या केसनं मला एक शिकवलं. जो सगळ्यांसाठी बोलतो, त्याला 'तुझं काय?' असं विचारायचं राहून जातं. म्हणून निवृत्तीनंतरही त्या गावाकडे गेलो, की मी अक्काला विचारतो, "गोळी घेतली का?"

परवा ती म्हणाली, "घेतली की साहेब. पण तुमचं बीपी किती?"

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले. स्वतःचं बीपी मात्र कधी मोजून घेतलं नव्हतं. अक्कानं मला हाताला धरून केंद्रात नेलं आणि कॅमेऱ्यापुढच्या त्या खुर्चीत बसवलं.