आशूच्या प्रदर्शनातलं परसदाराचं चित्र

आशू आनंदाचं प्रदर्शन लावून मेली.

हे असंच लिहिणार आहे मी. 'आपल्यातून निघून गेली' वगैरे मला जमत नाही, आणि तिला तर ते ऐकून हसूच आलं असतं.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आशू म्हणजे अश्विनी. मिरजेची. माझी चेन्नईतली फ्लॅटमेट. आठवडाभर गिंडीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या पार्ट्सची ड्रॉइंग्ज करायची आणि शनिवार-रविवार आमच्या हॉलभर रंग सांडून ठेवायची. त्यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची.

तिचा नियम एकच. ज्या आनंदाचा फोटो कुणी काढला नाही, जो कुणाला सांगितला नाही, तोच रंगवायचा.

"इन्स्टावर टाकलेला मला नको गं. तो उष्टा असतो."

कोवलमची मासेवाली, टोपली रिकामी झाल्यावर बसच्या मागच्या सीटवर पाय पसरून एकटीच हसणारी.

अंबत्तूरच्या कुठल्याशा कारखान्यातला वॉचमन, साहेब गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसून गरागरा फिरणारा.

आणि मी. टॉवेल गुंडाळून आरशासमोर भाषण ठोकणारी.

"मेले, हे कधी बघितलंस?"

"मी बघतच असते."

अड्यारमधल्या एका जुन्या बंगल्यात छोटी गॅलरी आहे, तिथं तिला जागा मिळाली. नेमका त्याच आठवड्यात ताप. मी म्हटलं, ब्लड टेस्ट कर. "उद्घाटन होऊ दे, मग करते." ताप अंगावर काढला बाईने. गोळ्या खाऊन शिडीवर चढून चित्रं टांगत होती. उद्घाटनाला सिल्कची साडी नेसून उभी राहिली, तमिळ, इंग्लिश, मराठी, सगळ्यांत खिदळली.

दुसऱ्या दिवशी ॲडमिट. डेंग्यू. मग प्लेटलेट्स, मग आयसीयू, मग काही नाही.

इतकी चीड येते मला. अजूनही येते. डासाने नेलं तिला, एका फालतू डासाने.

तिचे आई-वडील, माझे काका-काकू, मिरजेहून आले. सगळं इथंच उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी घेतल्या, त्या कृष्णेत सोडायच्या होत्या. दुपारची गाडी होती.

टॅक्सीत काकू म्हणाल्या, "तिचं ते प्रदर्शन कुठं आहे?"

पुढच्या सीटवरून काका म्हणाले, "सुतकात कसली चित्रं बघायची? लोक काय म्हणतील?"

"अहो, इथं आपल्याला ओळखतंय कोण? माझ्या पोरीनं केलंय. मी बघणार."

मी ड्रायव्हरला गाडी अड्यारला घ्यायला सांगितली.

गेटपाशी उतरल्यावर काका थांबले. अस्थी कुणाच्या छपराखाली न्यायच्या नसतात, हे त्यांचं पक्कं.

"तुम्ही जा. मी हिला घेऊन थांबतो."

"काका, मी धरते. तुम्ही बघून या."

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

चेन्नईचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात तो माणूस लाल फडक्यात बांधलेला कलश छातीशी धरून उभा. आत तिचं प्रदर्शन चालू, आणि ती बाहेर.

काकूंनी दाराशी चपला काढल्या, देवळात काढतात तशा. एकेक चित्र बघत गेल्या. मासेवालीपाशी जरा रेंगाळल्या. मला वाटलं, झालं आता, निघू, नाहीतर गाडी चुकेल.

कोपऱ्यातल्या चित्रापुढून काकू हलेचनात.

स्वयंपाकघर. दुपारची वेळ. एक बाई चक्क ओट्यावर चढून बसलीय. केस मोकळे, पाय हलवतेय, आणि पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खातेय. हनुवटीवर तेल. डोळे मिटलेले.

ते चित्र आमच्या हॉलमध्ये रंगत असताना मी रोज बघत होते. ही बाई कोण, असं कधी विचारलं नव्हतं.

"ही मी आहे," काकू म्हणाल्या.

मग बोलायलाच लागल्या. त्या दिवशी पापड घातले होते. सासूबाई निजल्या होत्या. ओट्यावर बसलेलं बघितलं असतं तर म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं असतं.

"पण मला काय वाटलं कुणास ठाऊक. चढले आणि बसले. इतकं बरं वाटलं होतं बघ. कुणाला सांगितलं नाही मी हे. ह्यांनासुद्धा नाही."

आणि हसल्या. पदर तोंडाला लावून, खरंच हसल्या. पोरीच्या अस्थी बाहेर, आणि ही बाई हसतेय. मलाही हसू आलं, काय करू?

मग त्यांनी चित्राच्या कडेला बोट नेलं. तिथं दाराची अर्धी चौकट होती, आणि कडी खूप वर. लहान मुलाला दिसते तेवढी वर.

"हे परसदारातून दिसतं असं. शाळा लवकर सुटली असणार. ही होती तिथं."

चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मग आत का नाही आली गं ती? मी दिली असती की तिला एक लाटी."

माझ्याकडे बघत राहिल्या. खरंच उत्तर हवं होतं त्यांना. जिला विचारायचं ती गेटपाशी होती, काकांच्या हातात.

गाडी मिळाली. चित्र काकूंनी साडीत गुंडाळून नेलं. काकांना दाखवलं की नाही, मी विचारलेलं नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली म्हणायचं असतं, तर तेही म्हणते.

आशू, जिथं असशील तिथं दारात उभी राहून नुसती बघत बसू नकोस. आत जा.